माझ्या पट्ट्याजवळ कोण उभं राहणार?

मी एक जुनी मक्याची गिरणी आहे. तांब्याच्या खाणींच्या लुआंश्या गावात, बाजारालगतच्या पत्र्याच्या खोलीत मी चोवीस वर्षे उभी आहे. मित्रांनो, माझी घरघर सुरू झाली की बायका मक्याची घमेली डोक्यावर घेऊन निघतात. इथल्या घराघरांत शिजणारा न्शिमा, तो मक्याचा घट्ट लगदा, माझ्याच पिठाचा. माझे कौतुक पुष्कळ झाले. पण माझ्या हातून एक वाईटही घडले आहे.

माझी मालकीण बाना कासोंडे, म्हणजे कासोंडेची आई. पूर्वी मला सिमफुक्वे नावाचा माणूस चालवायचा. तो काचासू प्यायचा, ती घरी गाळलेली दारू. एका सकाळी मालक, म्हणजे तिचे यजमान, माझ्या चाकावर पट्टा चढवत होते आणि सिमफुक्वेने झिंगेत इंजिनाचे हँडल फिरवले. मालकांच्या उजव्या हाताची चार बोटे गेली. मग आठ महिने मी बंद पडून होते. माझ्यात उंदीर राहू लागले, जाळीला गंज चढला.

एके दिवशी काम मागायला मुकूका आला. चाळिशीचा, हडकुळा, पण शर्टाला इस्त्री. खाणीत त्याने इंजिने दुरुस्त केली होती. माझे चाक हाताने फिरवून त्याने बिघाड अचूक सांगितला. मालकिणीचा चेहरा जरा निवळला.

"कधीपासून येशील?"

"आजपासून. पण आधी एक ऐका, बाना कासोंडे. मी सात वर्षं काचासू प्यायलो. त्यापायीच खाणीतली नोकरी गेली. आता चौदा महिने झाले, थेंब घेतला नाही. दर गुरुवारी चर्चमागच्या खोलीत आम्हा दारू सोडलेल्यांची बैठक असते, तिथे जातो."

"चालता हो!" मालकीण कडाडली. "माझ्या नवऱ्याचा हात बघ! न्शिमाचा गोळासुद्धा वळता येत नाही त्यांना. मी भरवते. आणि तू बेवडा माझ्याच दारात येऊन काम मागतोस?"

शेजारची टोमॅटोवाली खिदळली. "द्या हो त्याला गिरणी! सगळ्या मक्याची काचासू करून ठेवील!"

मुकूकाचे कान तापले, पण तो हलला नाही. "न सांगता काम धरता आलं असतं. पण या पट्ट्याजवळ कोण उभं राहणार, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं."

दारात बसलेले मालक उठून पुढे आले. ते म्हणाले, "सिमफुक्वेनं मला कधीच काही सांगितलं नव्हतं. ठेव याला."

"ठेवते," मालकीण दात खाऊन म्हणाली. "पण रोज सकाळी सगळ्यांसमोर तोंडाचा वास द्यायचा."

आणि तो रोज द्यायचा. रांगेतल्या बायका नाक दाबून हसायच्या. मान खाली घालून तो आत यायचा आणि मला तेल द्यायचा. माझी जाळी पुन्हा चकाकू लागली.

पाच महिन्यांनी त्याचा भाऊ वारला. दफनाच्या दुसऱ्या सकाळी मुकूका आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"वास घेऊ नका, बाना कासोंडे. काल प्यायलो. आज मी गिरणीला हात लावणार नाही."

मालकिणीने मका मोजायचा डबा फेकून मारला. त्याची भुवई फुटली. "पाच महिने तुझ्या तोंडाला नाक लावलं मी! ह्यासाठी?"

रांग कुरकुरली, शिव्या देऊ लागली. मालकिणीने कंबर कसली आणि स्वतःच माझे हँडल फिरवले. दिवसभर ती एकटीच पिठात पांढरी झाली. मुकूका अंगणात उन्हात बसून राहिला, दारूच्या गुत्त्याकडे गेला नाही.

संध्याकाळी ती त्याच्यासमोर उभी राहिली. "गुरुवारची वाट बघू नकोस. त्या बैठकवाल्यांकडे आत्ताच जा. उद्या वेळेवर ये. वास मी घेणारच."

मुकूका आजही मला चालवतो. मालकीण त्याच्याशी एकदाही गोड बोललेली नाही.

मित्रांनो, मला वेळेवर तेल द्या, माझी जाळी साफ ठेवा. आणि मला चालवणारा दारातच थांबून "आज नको" म्हणाला, तर रागवा हवे तर, पण त्याला कायमचे हाकलू नका. तेवढे सांगायला मुकूका त्या सकाळी आपल्या पायांनी उंबऱ्यापर्यंत आला होता, ते मी पाहिले आहे.