चार लिंबांचा मुहूर्त

धाकट्या भावाची गाडी गावात आपल्या गाडीपेक्षा उंच दिसते, हे रामेश्वरला सोसवेना. म्हणून त्याने अंबडच्या मच्छिंद्र मिस्त्रीकडून आपली पिकअप उंच करून मोठे टायर बसवून घेतले. मच्छिंद्रने चासीखाली गाडी पेलणाऱ्या लोखंडी घोड्या लावून काम नेटाने केले. मात्र गाडी उंच होताच ब्रेकची रबरी नळी आखूड पडून ताठ ओढली गेली.

"मालक, चाक खड्ड्यात गेलं की ही तुटणार, ब्रेक जाणार. लांब नळी उद्या येईल. आज गाडी काढू नका."

"आज मुहूर्त हाय, मिस्तरी. लिंबं आणलीत न्हाई का?"

चारही टायरांखाली एकेक लिंबू चिरडले गेले आणि गाडीची सुरक्षितता शास्त्रोक्त सिद्ध झाली. समोरच्या नाक्यावर कापूस वेचायला निघालेल्या बाया तिच्यात चढल्या. त्यांत मच्छिंद्रची बायको तुळजाबाईही होती. तो धावला.

"जल्दी उतर!"

"का बरं? आजचा रोज बुडवू का?"

"उतर म्हन्तो ना!"

"मिस्तरीला बायकोबिगर करमत न्हाई गं!" बाया खिदळल्या. रामेश्वरही हसला. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाचा चारचौघांत पाणउतारा मच्छिंद्रला परवडणारा नव्हता. तुळजाबाई उतरली, गाडी निघाली.

"ब्रेकचं काम अर्धं हाय," तो पुटपुटला.

"मंग त्यांना का न्हाई सांगितलं?"

तुळजाबाई ओरडत गाडीमागे धावत सुटली, आणि तिला धावताना पाहून बाया हसत हसत हात हलवू लागल्या.