वाऱ्याला ओळखणारा माणूस

फिलिपाइन्समधल्या समार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, आमच्या गावात, माणसं साल सांगत नाहीत, वादळ सांगतात. माझ्या आईचं लग्न एका वादळाच्या आधीचं, माझा जन्म दुसऱ्याच्या नंतरचा. कुठल्या वादळात काय गेलं हे विचारायचं तर तेओदुलोमामाला, आईच्या थोरल्या भावाला. त्याच्या लहानपणी उडत आलेल्या पत्र्यानं त्याचे वडील त्याच्या डोळ्यांदेखत गेले. तेव्हापासून त्यानं वाऱ्याशी वैरच धरलं. मोठा झाल्यावर गाव गोळा करून त्यानं चॅपलच्या भिंती जाड सिमेंटच्या करून घेतल्या, खिडक्यांना लोखंडी गज बसवले. पुढची दोन मोठी वादळं गावानं तिथंच काढली. सगळे जिवंत बाहेर आले.

त्या नोव्हेंबरात नगरपालिकेचा माणूस कर्णा घेऊन फिरला. मोठं वादळ येतंय, टेकडीवरच्या शाळेत जा म्हणाला. का, ते सांगताना त्यानं जो इंग्रजी शब्द वापरला तो कुणालाच कळला नाही. क्रिसांतामामीनं मात्र कपड्यांचं गाठोडं बांधलं.

"एकदा माझं ऐकलंस तर काही झडणार नाही तुझं," ती म्हणाली.

"शाळेवर पत्रे आहेत, क्रिसांता. बाबा कशानं गेले, विसरलीस? आणि पाणी कधी आलंय इथवर?"

"तुझ्या वादळांत नाही आलं."

पण तोवर निम्मं गाव मामाच्या मागं चॅपलकडं निघालं होतं. मामीनं गाठोडं खाली ठेवलं आणि नोरिताला, त्यांच्या सहा वर्षांच्या नातीला, कडेवर घेतलं. मीही त्यांच्याबरोबर गेले.

पहाटे वारा सुटला. भिंती हलल्या नाहीत. बायका जपमाळ ओढत होत्या, आणि मामा, ही भिंत बायकोसारखी आहे, कुरकुरते पण जागची हलत नाही, असं म्हणून पोरांना हसवत होता. मामी त्याच्याकडं बघतही नव्हती.

मग दाराखालून समुद्राचं काळं पाणी आलं. बघता बघता गुडघ्याला, कमरेला. दार बाहेर उघडणारं, आणि पलीकडून लाटेनं एक होडी आणून त्याला टेकवलेली. पुरुषांनी खांदे लावले, दार हललं नाही. आता खिडक्यांतूनही पाणी आत कोसळत होतं. नोरिताला खांद्यावर घेऊन मामा गज ओढत राहिला. ते त्यानं स्वतः बसवले होते, पक्के बसवले होते. पाणी आढ्याला लागलं तेव्हा छपराचा एक कोपरा फाटला आणि जवळ होते ते बाहेर फेकले गेले.

मामा आणि मी एका मोडक्या माडाला अडकलो. पाण्याखाली नोरिता सुटली तेव्हा अंधारात चाचपडत त्यानं एक हात पकडला होता, आणि मग जिवाच्या आकांतानं तो सोडला नव्हता. उजेडात त्यानं वळून पाहिलं. तो हात माझा होता.

मामी वेदीपाशी सापडली. नोरिता सापडलीच नाही. मामानं गावाबरोबर खड्डे खणले. प्रत्येकाला तो सांगत होता, मीच म्हणालो होतो तिथं चला. कुणी त्याला बोल लावला नाही. दोन मुलगे गेलेली शेजारीण त्याच्यासाठी उकडलेली रताळी घेऊन आली. ती ठेवून गेल्यावर तो ओकला.

पुढच्या वर्षी पुन्हा वादळाची वर्दी आली. या वेळी सगळं गाव टेकडी चढलं. सवयीनं कुणीतरी मामाला विचारलं, कसं वाटतंय.

"मला विचारू नका."

वादळ आमच्या वरून न जाता वर उत्तरेला सरकलं. लोक हसत, एकमेकांना हाका मारत उतरले. मी त्याला चल म्हणाले.

"तू जा. खाली माझं काय आहे?"

तो तिथंच राहिला. शाळेच्या मागं झावळ्यांची खोपटी बांधली, समुद्राकडं पाठ करून. मी रविवारी भात आणि सुकी मासळी घेऊन चढून जाते. तो जेवतो, गावातल्या पोराबाळांची चौकशी करतो. माझ्या चेहऱ्याकडं मात्र तो बघत नाही.