चाळिसाव्या दिवसाचं खाद्य

नुसरतने थर्मामीटर वर काढला, पाहिला आणि पुन्हा पाण्यात सोडला. एकवीस अंश. ट्राउट थंड पाण्यातला मासा, त्याला अठराच्या वर सोसत नाही. त्यात बारा वाजता लाईट गेलेली. हवा खेळवणारं चाक तळ्यात नुसतं उभं होतं. मासे पाणी आत येतं त्या पाटाच्या तोंडाशी गर्दी करून श्वासासाठी वर येत होते. अंड्यांसाठी राखलेल्या मोठ्या माद्याही त्यातच. त्याच्या बायकोने, गुलअंदामने, तीन वर्षं एकेक निवडून ठेवलेल्या.

गुलअंदामला जाऊन आज चाळीस दिवस झाले होते, तिचा चाळिसावा होता. तिची बहीण माहलका अंगणात हलवा ढवळत होती.

"माशांना खाद्य कुणी टाकलं?"

"मी. सकाळी दोन डबे भरून. मुक्या जिवांना घातलेलं ताईला पोचतं, दाजी."

"उन्हाचं उपाशी ठेवायचं असतं त्यांना. पोट भरलं की हवा जास्त लागते."

"ताईने कधी कुणाला उपाशी ठेवलं नाही."

"हा नियम तिचाच होता." पुढे बोलला असता तर आवाज चढला असता, आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. तो झऱ्याकडे निघाला.

झऱ्याचं गार पाणी सगळं शेजारच्या खोदामुरादच्या अक्रोडाच्या झाडांना चाललं होतं. आज पाण्याची पाळी त्याची होती.

"तासभर दे."

खोदामुराद फावड्यावर रेलला. "मागच्या खेपेलाही तासभरच होता. संध्याकाळपर्यंत चालला तुझा तास."

"मासे मरतायत."

"मेले तर भाज. पाहुणे आहेतच."

पाहुणे कशासाठी आलेत ते आठवून खोदामुरादने मान खाली घातली. "अर्धं सोडतो. सगळं सोडलं तर बायको मला घरात घेणार नाही."

अर्ध्याने काय होणार. नुसरत परतला तेव्हा माहलका काळ्या कपड्यांनिशी गुडघाभर पाण्यात उभी होती. पातेल्याने पाणी उचलून परत तळ्यात ओतत होती.

"उंचावरून टाक, पाण्यात हवा मिसळते," तो म्हणाला आणि बादली घेऊन उतरला. आलेल्या बायकाही पराती, टोपल्या, हाताला लागेल ते घेऊन आल्या. चुलीवर हलवा करपला. पाण्यातून कुणी बाहेर निघालं नाही.

दोनला लाईट आली, चाक फिरलं. लहान मासे बरेच तगले. मोठ्या माद्यांतली एकही नाही. मोठ्या अंगाला हवा जास्त लागते. नुसरत त्यांना जाळीने काठावर काढू लागला.

"दाजी, माझ्यामुळे?"

"हो."

तिने पदर तोंडाला लावला. त्याने आणखी एक मादी काढली.

"जा, कपडे बदल," तो म्हणाला. "लोक जेवायचे आहेत."