दहा मिनिटांचा नियम

नियम माझाच. बेचाळीस माणसं, त्यातली निम्मी फोटो काढत रेंगाळणार आणि उरलेल्यांनी बसमध्ये ताटकळायचं. परदेश सहलीच्या तिसऱ्या दिवशी मी बसमध्ये उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं, ठरल्या वेळेनंतर दहा मिनिटं थांबायचं, पुढे ज्याचं त्यानं बघावं. चौतीस वर्षं शाळा चालवलीय, आवाज अजून शाबूत आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टूर मॅनेजर तर खूशच झाला, वाईटपणा परस्पर माझ्या पदरात पडला होता.

माझ्या खोलीत वन्सं होत्या, माझी धाकटी नणंद. जन्म शिलाई मशीनवर वाकून गेलेला. किल्ले, सरोवरं, कशातच त्यांना रस नव्हता. त्या आल्या होत्या सातव्या दिवसासाठी. त्या दिवशीच्या मुक्कामाच्या शहरात त्यांचा मुलगा गोदामात कामाला आहे. कागदपत्रं अडकलेली, देश सोडला तर परत आत घेणार नाहीत. नऊ वर्षं मायलेकांची भेट नाही. आम्ही पोचलो तेव्हा तो रात्रपाळीला गेलेला. पाळी सकाळी सातला सुटणार, बस आठला निघणार. मधल्या तेवढ्या वेळासाठी बाई एवढ्या लांब आली होती.

"कुणाला सांगू नका हं वहिनी," त्या म्हणाल्या होत्या. "कागदांचं विचारत बसतील."

सातपासून त्या हॉटेलच्या दारात उभ्या. आत लोक नाश्त्याची केळी पर्समध्ये कोंबत होते. आठ वाजले. मुलाचा फोन लागेना. आठ-दहाला बसमध्ये मॅनेजर माझ्याकडे वळला, "बाई, तुमच्या नणंदबाई अजून खालीच आहेत. काय करू?"

मी 'थांबा जरा' म्हटलं असतं तर बस थांबली असती. पण आदल्याच दिवशी एका नवीन लग्न झालेल्या जोडप्याला मी चारचौघांत फैलावर घेतलं होतं, आणि ती दोघं माझ्याकडेच बघत होती. मी उतरले.

"चला वन्सं. नियम सगळ्यांना सारखा."

त्यांनी रस्त्याकडे एकदा वळून पाहिलं. मग चढल्या.

बस वळली आणि तो दिसला. अंगात गोदामाचा गणवेश, धापा टाकत पळत येत होता. डोक्यावरचे केस गेलेत, पण पळायची ढब थेट आमच्या ह्यांची, मामाची. त्यानं हात वर केला. मी खिडकीशी होते, वन्सं पलीकडे मान खाली घालून. नुसतं ओरडायचं होतं. मी ओरडले नाही. सगळ्यांदेखत स्वतःचाच नियम मोडायची लाज वाटली, दुसरं काही कारण मला आजही सापडत नाही.

"दिसला का हो कुठे?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

दुपारी जेवायला थांबलो तेव्हा त्याचा फोन आला. वन्संना कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर.

"आई, पाळी उशिरा सोडली गं. फोनही बंद पडलेला. पळतच आलो. तुमची बस दिसली मला. मामी खिडकीत होती. मी हात केला, तिनं बघितलं माझ्याकडे."

टेबलाशी आम्ही दोघीच होतो. वन्संनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"त्यांना कुठलं दिसायला रे," त्या म्हणाल्या. "मामींचा चष्मा बॅगेत होता."

चष्मा सकाळपासून माझ्या डोळ्यांवरच होता. वन्सं त्याला विचारत होत्या, सकाळपासून काही खाल्लंस का.