न पुसला जाणारा नोव्हेंबर

मी एक जुना पांढरा फळा आहे, आणि गेल्या जानेवारीत एका सेवा मंडळाच्या सभेने मला अकरा विरुद्ध एक मतांनी भंगारात काढले. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही आता विसरून जा. तसे काही घडलेच नाही. मीही तसेच धरून चालतो, आणि माझी तब्येत उत्तम आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याला पांढरा मुलामा दिला, चारही बाजूंना चंदेरी पट्टी ठोकली आणि मला भिंतीला टेकवून ठेवले. माझ्या कपाळावर एक कागद चिकटवला होता: 'पुसले की नवे.' माझे शिक्षण म्हणाल तर एवढेच. त्या वाक्यावर श्रद्धा ठेवून मी मोठा झालो. मोठा म्हणजे सहा फूट बाय चार. त्यानंतर वाढलो नाही.

मला विकत घेतले ते सेवा मंडळाने. मंडळाची खोली वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होती, त्यामुळे सभासदांना कुजबुजत भांडायची सवय लागली होती. सभासद एकूण बारा. अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर. कोणी बोलायला उभे राहिले की ते सवयीने म्हणत, "हं, उघडा." चिटणीस होत्या शिंपीणकाकू, ज्यांच्या गळ्यात मोजपट्टी कायम असायची. आणि एक पंख्यांचे दुकानदार होते. त्यांची प्रत्येक सूचना 'भव्य' या शब्दाने सुरू व्हायची, म्हणून त्यांना सगळे भव्यदिव्य म्हणत. ते रागवत नसत. नाव त्यांना लहानच वाटे.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पाच वाजता सभा भरे, आणि जानेवारीच्या सभेत अख्ख्या वर्षाचे बेत ठरत. पहिल्याच दिवशी काकूंनी मोजपट्टीने माझे माप घेतले, "छाती बहात्तर," असे पुटपुटल्या आणि माझ्यावर बारा महिन्यांचे बारा चौकोन आखले. उजवीकडे दोन बोटे जागा कोरीच राहिली. डॉक्टरांनी विचारले, "ही का सोडली?"

"शिवणीत जाते," काकू म्हणाल्या. सभेने मान डोलावली.

मित्रांनो, मंडळाचा एक नियम होता, नियम क्रमांक चार: 'फळ्यावर लिहिले ते ठरले.' हा नियम करावाच लागला, कारण त्याआधी ठरलेली गोष्ट चहा येईपर्यंत उलटी होई आणि चहा संपेपर्यंत सुलटी. नियम आल्यावर भांडणे मिटली. पहिली तीन वर्षे मी आदर्श नोकरी केली. डिसेंबरात मला पुसत, जानेवारीत लिहीत, आणि लोक म्हणत, "फळा मात्र छान आहे हं." मला गर्व झाला असेल. झाला होता.

चौथ्या जानेवारीत पेन सुकले. डॉक्टरांनी खिशातून स्वतःचे काढले. ते कवळीच्या साच्यांवर खुणा करायचे पेन होते, उकळत्या पाण्यातही न जाणाऱ्या शाईचे. त्याच्या टोपणावर तसे लिहिलेलेही होते. बारा शिकलेली माणसे तिथे बसली होती. टोपण कोणीही वाचले नाही.

लिहिणे सुरू झाले. मार्च: शाळेमागच्या पाच खड्ड्यांत पाच झाडे लावणे. एप्रिल: स्टेशनला घड्याळ भेट. जून: बागेतला बाक हिरवा रंगवणे. ऑगस्ट: सुट्टी, कारण डॉक्टर ऑगस्टात बहिणीकडे जातात आणि अध्यक्षांशिवाय सभा कशी घ्यायची? असे करत अकरा चौकोन भरले. नोव्हेंबर रिकामा राहिला.

"भव्य आतषबाजी," भव्यदिव्य म्हणाले.

"सेवा मंडळ आहे हो आपले," डॉक्टर म्हणाले. "कोणाची सेवा होणार त्यात?"

"बघणाऱ्यांची."

काकूंनी मोजपट्टी बोटाभोवती गुंडाळली. "माझ्या दुकानाच्या वर चौथ्या मजल्यावर एक आजोबा राहतात," त्या म्हणाल्या. "लिफ्ट दुरुस्त करायचे जन्मभर. आता गुडघे गेलेत, आणि इमारतीला लिफ्ट नाही. त्यांच्याकडे जाऊन बोलत बसू या."

"बोलत बसणे? हा काय कार्यक्रम झाला? फोटो कशाचा काढायचा?"

"असू दे तूर्तास," डॉक्टर म्हणाले. "दुसरे काही सुचले की पुसता येईल."

माझ्या आयुष्यात माझ्याविषयी इतके चुकीचे वाक्य कोणी उच्चारलेले नाही.

पुढच्या महिन्यात नोव्हेंबर पुसायला गेले तर पुसेना. ओले फडके झाले, स्पिरिट झाले, डॉक्टरांनी दवाखान्यातली टूथपेस्ट आणली. शेवटी भव्यदिव्यांनी तारेच्या घासणीने मला घासले. अक्षरे राहिली, माझी चकाकी गेली. त्या दिवसानंतर माझ्यावर दुसरे कसलेच पेन उमटेना. मी भरलो होतो.

"नियम चार," काकू शांतपणे म्हणाल्या.

तेव्हा नोव्हेंबरात सगळे मंडळ चौथ्या मजल्यावर गेले. दहा मिनिटे बसायचे ठरले होते. आजोबांनी दार उघडले, बारा माणसे मोजली आणि म्हणाले, "बारा? वजन चालते ना? आठच्या वर माणसे घेतली की मला धडधडते." त्यांनी बिस्किटांचा डबा काढला आणि मंडळ तीन तास तिथून उठले नाही.

हे मला कसे ठाऊक, असे तुम्ही विचाराल. पुढच्या सभेत सगळे एकाच वेळी तेच सांगत होते, तेही कुजबुजायचे विसरून. खालून वाचनालयाच्या बाई तीनदा वर आल्या. आजोबा आपले वय मजल्यांत सांगत, म्हणजे "मी सध्या एक्याऐंशीव्या मजल्यावर आहे" असे. कोणी लिफ्टमध्ये अडकले की आधी काय करायचे, हे त्यांनी सगळ्यांना समजावले होते. "हत्यारांची पेटी नंतर उघडायची," ते म्हणाले होते. "आधी बोलायला लागायचे. जेवलात का, घरी कोण असते, काहीही. अडकलेल्या माणसाला कोणाचा आवाज ऐकू येत नसेल ना, तर तो आत मोठा मोठा होत जातो आणि लिफ्ट लहान." निघताना त्यांनी विचारले होते, "आता पुन्हा कधी?" डॉक्टर म्हणाले होते, "पुढच्या नोव्हेंबरात. फळ्यावर आहे." मग आजोबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हटले होते, "बरेच मजले आहेत मध्ये."

मित्रांनो, त्या जानेवारीपासून पाच वर्षे माझ्यावरचा मजकूर तोच राहिला, आणि माणसे नियमाने चालणारी होती. शाळेमागचे खड्डे पाचच होते. पाच वर्षांत त्यात पंचवीस झाडे लागली. मुख्याध्यापिकांनी कळवले की तिकडे गेलेला चेंडू परत येत नाही, आणि आता शिपाईही तिकडे जायला नाही म्हणतो. बागेतल्या बाकाला रंगाचे इतके थर चढले की बुटक्या माणसांचे पाय जमिनीला टेकेनात. स्टेशनात पाच घड्याळे झाली आणि पाचही वेगवेगळी वेळ सांगू लागली. स्टेशनमास्तर तेवढे खूश होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, आता कोणतीही गाडी कुठल्या ना कुठल्या घड्याळात वेळेवर असते.

आणि दर नोव्हेंबरात आजोबा. पाचव्या वर्षापर्यंत त्यांचे जिना उतरणे पूर्ण बंद झाले होते. दोन वर्षे त्यांनी रस्ता खिडकीतूनच पाहिला होता. काकू सांगत की ऑक्टोबर लागला की ते बिस्किटांचा डबा पुसून ठेवतात.

आता तो प्रसंग येतो, जो घडलाच नाही असे आपले ठरले आहे.

जानेवारीत भव्यदिव्य अध्यक्ष झाले आणि त्यांनी काचेचा फळा आणला. त्याला मागून दिवा होता. "नवे वर्ष, नवे बेत," ते म्हणाले. "हा पुसतो! बघा, फुंकर मारली तरी पुसते!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला भंगारात देण्याचा ठराव आला, अकरा हात वर गेले.

"नोव्हेंबरचे काय?" काकूंनी विचारले.

"ठरवू की नव्याने."

"आजोबा डबा काढून बसतील."

"काकू, फोनवरून कळवता येते हल्ली," भव्यदिव्य म्हणाले. ते वाईट नव्हते. त्यांना फक्त घाई होती.

भंगारवाल्याने मला हातगाडीवर आडवे टाकले. आकाश मी पहिल्यांदाच पाहिले. ते कोरेच होते आणि त्याला कोणी काही म्हणत नव्हते. काकूंच्या दुकानासमोर गाडी थांबली, कारण काकू रस्त्यात उभ्या होत्या, हातात बिडाची जुनी इस्त्री घेऊन.

"हा फळा मला द्या, ही घ्या."

भंगारवाल्याने इस्त्री तोलून पाहिली. "मावशी, सौदा बरा आहे, पण हा तर भरलेला फळा आहे. याच्यावर काय लिहिणार तुम्ही?"

"लिहायचे नाही. टांगायचा आहे. चौथ्या मजल्यावर. दुसरे टोक तुम्ही धरा."

दोघांनी मला उचलले. पहिला मजला गेला, दुसरा गेला. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मी कठडा आणि भिंतीच्या मध्ये असा बसलो की वर सरकेना आणि खाली येईना. भंगारवाला वरच्या बाजूला अडकला, काकू खालच्या. दोघांनी दोन-तीनदा जोर लावला. मी मनात म्हटले, बहात्तर इंच छाती, आणि शेवट जिन्यात.

तेवढ्यात वरून आवाज आला. "कोण अडकलेय?"

"आम्ही हो, आजोबा!" काकू ओरडल्या. "फळा घेऊन येतोय."

"घाबरू नका. जोर लावू नका. मी येतोय. जेवलात का?"

"आजोबा, तुम्ही नका येऊ, गुडघे..."

"जेवलात का विचारले!"

"जेवले."

"काय जेवलात?"

आणि मित्रांनो, आजोबा निघाले. दोन वर्षांनी. ते पायरीवर बसत, पुढच्या पायरीवर सरकत, पुन्हा बसत. एका हातात पाना, तोंड अखंड चालू. भंगारवाल्याला घरी कोण कोण असते, धाकटी कितवीला आहे, तिला गणित जमते का, हे सगळे त्यांनी अठरा पायऱ्यांत विचारून घेतले. मग माझ्यापाशी पोहोचून त्यांनी मला दोनदा थोपटले. "आणि तुम्ही? ठीक आहात ना? हवा येतेय?" मला आजवर पुष्कळांनी वाचले होते. विचारले कोणीच नव्हते.

त्यांनी कठड्याचे चार स्क्रू काढले. मी सुटलो.

तेव्हापासून मी आजोबांच्या खोलीत, खिडकीसमोरच्या भिंतीवर आहे. पहिले दोन महिने आम्ही दोघेच होतो.

तिकडे काचेच्या फळ्यावर काय चालले होते ते डॉक्टरांकडून कळले. मार्चच्या एका शनिवारी ते धापा टाकत वर आले. "सहज आलो," ते म्हणाले आणि हळूच माझ्याकडे वळले. "मार्चात काय असते हो आपले?" भव्य मेळाव्याची तारीख नऊ वेळा पुसून झाली होती. ज्याला जे पटत नव्हते तो ते फुंकर मारून घालवत होता. वर्षाचे तीन महिने गेले आणि मंडळाने कोणासाठी इकडची काडी तिकडे केली नव्हती.

"मार्चात झाडे," आजोबा म्हणाले. "पण खड्डे नवे खणा. कुठे खणायचे ते फळ्यावर थोडेच लिहिले आहे? बसा. जेवलात का?"

एप्रिलात चौघे आले. घड्याळ न्यायच्या ऐवजी स्टेशनातली पाच घड्याळे एका वेळेला लावून आले, आणि स्टेशनमास्तर त्यांच्याशी आजतागायत बोलत नाहीत. जूनमध्ये सगळे मंडळ वर आले. मला खाली न्यायचे तर पुन्हा कठडा काढावा लागला असता, म्हणून सभाच इथे भरू लागली. भव्यदिव्य शेवटी आले आणि दारातच उभे राहिले. "मंडळाची अधिकृत सभा, इथे?"

"आत या, तुम्ही तेरावे," आजोबा म्हणाले. "वजनाचे मी बघतो."

भव्यदिव्यांनी दोन बिस्किटे खाल्ली आणि ती भव्य असल्याचे सांगितले.

मित्रांनो, मी तुम्हाला हात जोडून सांगेन, पण मला हात नाहीत. जुन्या वस्तूला भंगारात देण्यापूर्वी तिच्यावर काय लिहिले आहे ते एकदा वाचा. पेनाचे टोपण तर नक्कीच वाचा. आणि कोणी कुठे अडकले असेल तर पाना सापडेपर्यंत थांबू नका. आधी बोलायला लागा.

आता एकच अडचण उरली आहे. सध्या ऑगस्ट चालू आहे. डॉक्टर आता अध्यक्ष नाहीत, त्यांची बहीणच हल्ली त्यांच्याकडे येते, पण माझ्यावर अजून 'सुट्टी' असेच आहे, आणि नियम चार आहेच. काकूंकडे पंधरा ऑगस्टसाठी शाळेच्या गणवेशांची घाई आहे. जिन्यावर पाऊल वाजत नाही. आजोबा शहाऐंशीव्या मजल्यावर आहेत. सकाळी ते माझ्यासमोर खुर्ची ओढून बसतात, विचारतात, "जेवलात का?" आणि उत्तरासाठी थोडे थांबतात. मला उत्तर देता येत नाही. म्हणून हा अर्ज.

प्रति, मा. कॅलेंडर विभाग, सर्व देश.

विषय: ऑगस्ट महिना रद्द करण्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, एकतीस जुलैच्या दुसऱ्या दिवशी थेट एक सप्टेंबर सुरू करण्याची व्यवस्था व्हावी. ऑगस्टातील वाढदिवस शेजारच्या महिन्यांत सम प्रमाणात वाटून द्यावेत. अर्जदार पुसला जाऊ शकत नसल्याने दुसरा उपाय उपलब्ध नाही. मंजुरीच्या सहीसाठी अर्जदाराच्या उजव्या बाजूला दोन बोटे कोरी जागा राखून ठेवलेली आहे. सही कोणत्याही पेनाने उमटत नाही, याची नोंद घ्यावी. सहीसाठी येणाऱ्या अधिकाऱ्यांनी कृपया जेवून यावे, कारण ते विचारले जाईल.

कळावे,
आपला नम्र,
फळा.