इंजिनाकडचा कान

काटा शून्याच्या जरा वर येऊन थांबला होता. काटाही खरा नव्हे, काचेमागे उजेडानं काढलेला. आणि काटा वर आहे म्हणजे इंजिन चालू आहे, एवढं इंद्रभानला कळत होतं. पण ते नुसतं डोळ्यांना कळत होतं. बुडाखाली थरथर नव्हती, पायावर झळ नव्हती, दाताला दात लागत नव्हते. आजचा चौथा दिवस, आणि चौथ्या दिवशीही त्यानं तेच केलं जे पहिल्या दिवशी केलं होतं: दार उघडून खाली उतरला, पुढे गेला आणि बॉनेटवर सगळा तळवा सपाट ठेवला. तेव्हा कुठे लागलं. अगदी आतून, झोपलेल्या गाईच्या कुशीवर हात ठेवावा तसं. चालू होतं.

वाशिमच्या त्या गल्लीत एवढी लांब गाडी कधी आली नव्हती. रंग निळा, पण सावलीत काळा. रुख्मिणीनं पहिल्याच दिवशी ‘वांग्यावानी’ म्हणून तो निकालात काढला होता. धम्मदीपा पुण्याहून स्वतः चालवत घेऊन आली. नारळ वगैरे फोडला नाही. विहारासमोर उभी केली, त्रिशरण घेतलं, आणि मग पोरीनं कागद त्याच्या हातात दिला. मालकाच्या जागी त्याचं नाव होतं. इंद्रभाननं ते दोनदा वाचलं. “चौतीस वर्षं महामंडळाची गाडी चालवलीत बाबा,” ती म्हणाली होती, “आता ही तुमची.” आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल्सनं परत गेली. रविवारी ती विमानानं नागपूरला येणार होती, चार वर्षांच्या उत्कर्षला घेऊन, आणि बाबांनी या गाडीतून दोघांना घ्यायला यायचं होतं. अडीचशे किलोमीटर, समृद्धीवरून. नातू मागच्या सीटवर. इंद्रभान ‘येतो’ म्हणाला होता.

‘येतो’ म्हणताना त्याला तो कागद आठवला होता, दुसरा. गेल्या वर्षी अकोल्याच्या एका दवाखान्यात काचेच्या खोलीत बसवून त्यांनी त्याचे कान तपासले होते, आणि आलेखावर दोन रेषा काढून दिल्या होत्या. उजव्या कानाची रेषा हळूहळू उतरत जाणारी. डाव्या कानाची, घाटात ब्रेक गेल्यावर गाडी जावी तशी, एका जागी सरळ खाली. जुन्या लाल गाडीत इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या मांडीशीच असतं, पत्र्याच्या झाकणाखाली. डॉक्टर तरुण होता, त्यानं नीट समजावून सांगितलं: जाड आवाज येतील, बारीक, टोकदार आवाज जातील. घंटी, पाखरं, लहान मुलांचं बोलणं. मशीन लावा म्हणाला. पाहू, असं म्हणून इंद्रभाननं कागदाची घडी घातली आणि जुन्या खाकी शर्टाच्या खिशात ठेवली, आणि तो शर्ट पेटीत तळाशी. रुख्मिणीला सांगितलं नाही. पोरीला तर नाहीच. आता सांगितलं तर ही गाडी कापडाखाली झाकून उभी राहणार, आणि मी तिच्या बाजूला खुर्ची टाकून बसणार… आणि रविवारी नागपूरला कोणीतरी भाड्याचा ड्रायव्हर जाणार.

तो परत आत बसला, तशी रुख्मिणी शेजारी येऊन बसली. रिठदला तिच्या बहिणीकडे, लिलाबाईकडे जायचं होतं. दार तिनं ओढलं, आणि शेवटचं बोटभर अंतर दारानं आपणच मिटवून घेतलं. या गोष्टीचं इंद्रभानला रोज नव्यानं नवल वाटे. चौतीस वर्षं त्यानं दारं आपटलेली ऐकली होती, दोरीनं बांधलेली पाहिली होती. आपण होऊन मिटणारं दार, आणि तेही घरातलं कोणी झोपलं आहे असं समजून मिटणारं… आणि ही सीट. तो बसला की सीट हलकेच पुढे सरके, पाठीमागून कमरेत भरून येई, आरसे आपापले वाकत. ती त्याला ओळखत होती. चौतीस वर्षांत प्रत्येक गाडीवर त्यानं घरून नेलेली उशी टाकली होती, आणि ड्यूटी संपली की काखेत मारून परत आणली होती. कोणत्या सीटनं त्याची आठवण ठेवावी असं त्याला कधी वाटलंही नव्हतं, आणि आता ठेवली जात होती तर पाठ जरा अवघडून, पाहुण्यासारखी टेकत होती.

शहर मागे पडलं. हा रस्ता त्याच्या अंगात होता. कुठल्या वळणानंतर कुठला खड्डा, हे त्याच्या कमरेला डोळ्यांआधी कळे. आणि आताही खड्डा जवळ आला की कंबर आपोआप आवळून घेई, वाट पाही — आणि खड्डा येई, चाकाखालून जाई, अंगापर्यंत पोचतच नसे. आवळलेली कंबर तशीच राही, सोडायची कधी ते न कळून. वेगाच्या काट्याकडे पाहिलं तर ऐंशी. अंगाला चाळीस वाटत होतं. दोन्ही बाजूंनी हरभरा काढून झालेला, गव्हाच्या पिवळ्या पट्ट्या, दूरवर धूळ उडवणारं मळणीयंत्र, आणि हे सगळं काचेपलीकडे, आवाज काढून घेतल्यासारखं. एखाद्या माणसाचं वजन असतं तशी या गाडीची शांतता होती. तिच्यात बसलं की माणूस आपोआप हळू होई. रुख्मिणीसुद्धा. पहाटे चुलीपासून जिचं तोंड सुरू होतं ते रात्री अंथरुणातही चालू असतं, ती बाई या गाडीत बसली की खिडकीकडे तोंड करून गप्प होई. पहिल्या दिवसापासून. इंद्रभानला त्याचा अभिमान वाटला होता. इतक्या वर्षांत मला जे जमलं नाही ते या गाडीनं केलं, असं त्यानं मनाशी म्हणून ठेवलं होतं, रविवारी पोरीला सांगायला.

पुढच्या फाट्यावर कोणीतरी हात केला.

हात त्याला नव्हता केलेला. मागून काळीपिवळी जीप येत होती, तिला होता. पण फाटा, लिंबाची सावली, हात — पाय ब्रेकवर गेलासुद्धा. गाडी थांबली ती नेमकी तिथे, जिथे तो लाल गाडी थांबवत असे: मागचं दार सावलीत येईल अशी. सावलीतली माणसं दोन पावलं पुढे आली आणि गाडी पाहून तशीच थांबली. एक म्हातारी तर मागे सरली, जणू तिनं काही चूक केली. आता काच खाली करावी की निघून जावं हे इंद्रभानला कळेना. तेवढ्यात गर्दीतून एक धोतर पुढे आलं, खिडकीत वाकलं, आणि त्याचे दोन सोन्याचे दात दिसले.

“जयभीम, डायवर साहेब. मले वाटलं कलेक्टर आला.”

मदनसिंग. त्याचा कंडक्टर. शेवटची सहा वर्षं याच रस्त्यावर दोघांची जोडी होती.

“जय सेवालाल. बस मांगं,” इंद्रभान म्हणाला. “तांड्यावर सोडतो.”

“तिकिट?”

“तूच फाड.”

मदनसिंगनं आधी पायातल्या वहाणा काढून एकमेकींवर झटकल्या, मग हातात धरून आत बसला, मेथीची पिशवी मांडीवर. गाडी निघाली. आरशात त्याचा चेहरा दिसत होता: तो छताकडे पाहत होता, दाराच्या मऊ कातड्यावर बोट फिरवत होता, मग ते बोट धोतराला पुसत होता. त्याचे ओठ हलले. इंद्रभान हसला. आरशातले ओठ हलून थांबले की हसायचं, असं त्यानं ठरवून टाकलेलं होतं. मदनसिंग दहातल्या नऊ वेळा थट्टाच करतो. पण आरशातला मदनसिंग हसला नाही. त्याचे ओठ पुन्हा हलले. रुख्मिणीनंही मान वळवली, तिचेही हलले. मग मदनसिंग दोन सीटांच्या मधून पुढे झुकला.

“म्हनलं, हे कायची घंटी हाये?”

“कोनती?”

“कोनती म्हंजे? बसल्यापासून टुंग टुंग करून राह्यली. गाडी हाये का देऊळ?”

“रोजच वाजते ते,” रुख्मिणी म्हणाली. तिनं तोंड त्याच्याकडे केलं होतं म्हणून ते त्याला आलं. “कधी थोडी, कधी लय. म्या म्हनलं, यायले माहीत असन. तेच चालवतात.”

इंद्रभाननं समोर पाहिलं. उजेडाच्या त्या पाटीवर, काट्याच्या खाली, एक लाल माणूस होता, आडवा पट्टा घातलेला. तो बराच वेळ तिथे होता. त्यानं तो पाहिलाही होता, आणि या गाडीत दिवे फार आहेत असं समजून सोडून दिला होता. त्यानं गाडी कडेला घेतली.

“पट्टा लाव, मदनसिंग. मांगच्यालेही लागते याच्यात.”

मदनसिंगनं पट्टा शोधला, ओढला, उलटा घातला, पुन्हा घातला. रुख्मिणीनं मागे वळून त्याला जागा दाखवली. लाल माणूस विझला.

“बंद झाली?” इंद्रभाननं विचारलं.

विचारलं आणि मग त्याला ऐकू आलं आपण काय विचारलं ते.

कोणी काही बोललं नाही. निदान त्याला तसं वाटलं. आता त्याची खात्री देता येत नव्हती. रुख्मिणी त्याच्याकडे पाहत होती, दुकानातून आणलेल्या वस्तूला घरी आल्यावर तडा दिसावा तशी. मदनसिंग खिडकीबाहेर.

“तुमाले नाही आली आयकू?” तिनं विचारलं.

“वहिनी, याले कधी येत होती,” मदनसिंग म्हणाला. आता तो मोठ्यानं, सावकाश बोलत होता, आणि इंद्रभानला लक्षात आलं की हा आपल्याशी नेहमीच असा बोलत आला आहे. “शेवटचे दोन सालं म्या घंटी वाजवलीच नाही. पत्र्यावर थाप मारो. एक थाप, थांब. दोन थापा, चल. प्यासिंजर म्हने कंडक्टर लय तापट हाये.”

“दोरी तुटली होती,” इंद्रभान म्हणाला.

“कोनाची दोरी?”

“घंटीची. म्या लिवून देल्लं होतं डेपोत.”

“तीनदा लिवलं तुनं. मेकॅनिक येऊन मले विचारे, दोरी तं चांगली हाये, काय करू? म्या म्हनो, कर बापा सही, झाली दुरुस्त.”

इंद्रभानच्या डोळ्यांसमोर ते रजिस्टर आलं: त्याच्या अक्षरातली ओळ, आणि खाली निळ्या शाईत ‘तपासली, ठीक आहे’. तीन वेळा. दर वेळी त्यानं त्या मेकॅनिकला मनात शिवी दिली होती. दोन वर्षं, रोजच्या सहा फेऱ्या, प्रत्येक थांब्यावर हा माणूस भरल्या गाडीतून पैसे, तिकिटं, पोरं, बोचकी सांभाळत पत्र्यापर्यंत हात पोचवत होता, आणि मी समजत होतो याला राग आहे…

“काहून नाही सांगतलं?”

“सांगतलं असतं तं तुले उतरवलं असतं गाडीवरून. अन् मंग मले कोन भेटला असता? तो खर्रा खानारा. खिडकीतून थुके, अन् मांगच्या सीटवर उडे.”

रुख्मिणी हसली नाही. “म्हंजे,” ती म्हणाली, “मी चार दिवस कोनासंगं बोलून राह्यली?”

रागानं नाही म्हणाली. हिशेब लागत नाही तसं म्हणाली. आणि इंद्रभानला ते चार दिवस एकदम उलगडून दिसले: तिचं खिडकीकडचं तोंड, पदराखाली हलणारी हनुवटी, मध्येच बोटानं दाखवलेलं एखादं शेत. गप्प झालेली नव्हतीच ती. या गाडीच्या दबदब्यानं नव्हे, कशानंच नव्हे. ती बोलत होती, घंटी वाजत होती, आणि ज्या शांततेपुढे त्यानं चार दिवस मान लववली तिच्यातली गाडीची किती आणि त्याची स्वतःची किती, हे आता वेगळं करता येत नव्हतं. इतकी मोठी शांतता! पेटीतल्या कागदावरची ती रेषा बोटभर होती.

तांड्याच्या फाट्यावर मदनसिंग उतरला. खाली उभा राहून त्यानं वहाणा पायात घातल्या, मेथीच्या दोन जुड्या रुख्मिणीच्या मांडीवर ठेवल्या. “गाडी चांगली हाये,” तो म्हणाला. “पोरीले माहा आशीर्वाद सांग.” मग इतक्या नाजूक दारावर थाप मारायला उचललेला हात त्यानं हवेतच थांबवला आणि तसाच मागे घेतला.

पुढे दोघंच. रुख्मिणीनं मेथीच्या जुडीतली पिवळी पानं खुडायला घेतली. बऱ्याच वेळानं ती पूर्ण वळली, एक गुडघा सीटवर घेऊन, तोंड त्याच्या तोंडासमोर येईल अशी. पट्टा तिच्या गळ्याशी काचत होता.

“रविवारचं काय मंग?”

समृद्धीवर एकशेवीसनं सगळे जातात. मागच्या सीटवर चार वर्षांचा उत्कर्ष. त्याचा आवाज बारीक आहे, पाखरासारखा, सगळे म्हणतात. फोनवर इंद्रभान तो ऐकतो ते पोरगी मध्येच ‘बाबा, तो विचारतोय’ असं सांगते म्हणून. काय विचारतो ते तीच सांगते. या गोष्टीचा त्यानं आजवर असा विचार केला नव्हता. आणि हेही खरं, की रस्ता त्याला दिसत होता, शेवटच्या दगडापर्यंत. हात स्थिर होते, पाय शहाणे होते, आणि गाडी त्याच्या मनात येण्याआधी वळत होती. चौतीस वर्षांत एक बकरीसुद्धा… पण मागे पत्र्यावर कोण होतं हे आता कळलं होतं.

त्यानं चारही काचा खाली केल्या. मार्चचं ऊन आत आलं, धूळ आली, भुशाचा वास आला, फिक्या कातड्याच्या सीटांवर बारीक कुसळ येऊन बसलं. रुख्मिणीनं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि काहीतरी म्हटलं. टायरांची घरघर आली. मळणीयंत्राची धडधड आली, पोटापर्यंत. समोरून ट्रक गेला तो सगळाच्या सगळा आला. तो एकेक आवाज आत घेत गेला, चेहऱ्यानं उतारू मोजावेत तसा, आणि हळूहळू त्याला कळत गेलं की जे येत नाही तेही कुठे आहे हे माहीत असतं: डाव्या बाजूला, हाताच्या अंतरावर, मेथीची पानं खुडत. त्यानं वेग कमी केला. काट्याकडे पाहिलं नाही.