वस्तीत फक्त अकरा माणसं

आधीच सांगते, माझं डोकं अजून तापलेलं आहे. तरी जमेल तितकं ओळीने सांगते.

मी आकडेवारी कार्यालयात आहे. माझी सख्खी ताई नदीपलीकडच्या वस्तीत नर्स आहे. वस्तीत वीज नाही, म्हणून ताईच्या दवाखान्यात फ्रिज नाही. लशी ती बर्फाच्या पेटीतून आणते. गेल्या उन्हाळ्यात बर्फ वितळला, लशी वाया गेल्या आणि सव्वीस बाळं तशीच परत गेली. त्या दिवशी ताई फोनवर माझ्यावरच ओरडली. दुसऱ्या कोणावर ओरडणार बिचारी?

म्हणून पाच देशांचा तो प्रकल्प आला तेव्हा मी जाम खूश झाले. कोट्यवधी फोन रात्री कुठे असतात ते मोबाइल कंपन्यांकडून घ्यायचं आणि त्यावरून माणसं मोजायची. जिथे वीज नाही आणि दोनशेच्या वर माणसं आहेत, तिथे सौर पॅनल आणि लशींचा फ्रिज. यादी आली. ताईची वस्ती: अकरा माणसं.

"अकरा?" ताई म्हणाली. "अगं, एकट्या सुताराच्या घरात चौदा आहेत!"

मग तिला हसू फुटलं. फोन वस्तीत असतील तर दिसतील ना! फाट्यावर, तासाभराच्या वाटेवर, एक चक्कीवाला आहे. दिवसा इंजिनावर दळण, अंधार पडला की त्याच इंजिनावर फोन चार्ज करणं. संध्याकाळी अख्खी वस्ती फोन त्याच्याकडे टाकते आणि सकाळी घेऊन जाते. घरी राहतात ते फक्त अकरा फोन. एक ताईचा आणि दहा पोटुशा बायकांच्या घरचे. वस्ती लांबवर पसरलेली, रात्री कळा आल्या तर ताईला कळवायला नको?

मी बैठकीत हे सगळं सांगितलं. पडद्यावरच्या परदेशी मॅडमचे डोळे चमकले. "फारच मौल्यवान निरीक्षण!" तिसऱ्या देशातले प्राध्यापक म्हणाले, यावर सुंदर शोधनिबंध होईल. निबंध घाला चुलीत, असं अगदी ओठांवर आलं होतं.

"मग आकडा बदलू या?" मी विचारलं.

ते चालणार नव्हतं. एका देशाने हाताने आकडा बदलला तर बाकीचे चारही बदलतील, म्हणून करारातच बंदी होती. मलाही ते पटलं, हाच तर वैताग. फक्त शुक्रवारपर्यंत नवीन तीन रात्रींची माहिती चालणार होती.

ताई दारोदार फिरली. चक्कीवाल्याने तीन दिवस दळण बंद ठेवलं आणि दिवसा फोन चार्ज करून दिले. तीन रात्री प्रत्येक फोन आपापल्या घरी, चालू. वस्ती: चारशे वीस! मी ऑफिसात पेढ्याशिवायच तोंड गोड करून घेतलं.

शुक्रवारी प्रणालीने तो आकडा गाळून टाकला आणि जुनाच धरला. शेरा होता, 'तात्पुरता जमाव'. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, पुढच्या फेरीत बघू. पुढची फेरी दोन वर्षांनी.

आणि यादीत पहिला नंबर कोणाचा? चक्कीचा! वीज नाही, चारशे नऊ माणसं, दहा बाय बाराच्या खोलीत. अति दाटीची वस्ती म्हणून तिला प्राधान्य. हसावं की रडावं?

जागेवर जाऊन तपासायला मलाच पाठवलं. फॉर्मवर एकच प्रश्न होता: फोनची संख्या जुळते का? हो किंवा नाही. 'नाही' म्हटलं की पॅनल आणि फ्रिज दुसऱ्या देशाच्या यादीला. साहेब फोनवर म्हणाले, "हो करा आणि मोकळ्या व्हा."

ताई शेजारीच उभी होती. मी पेन तसंच धरून राहिले, तेव्हा ती म्हणाली, "हो लिही गं. फ्रिज कुठे का असेना, लशी तरी वाचतील."

मी 'हो' लिहिलं.

फ्रिजला जागा कळवणारं यंत्र आहे, तो तिथून हलवता येत नाही. त्याचं तापमान नर्सनेच रात्री आणि पहाटे लिहायचं, असाही नियम आहे. त्यामुळे ताई आता उशाशी फोन घेऊन चक्कीच्या मागच्या खोलीत झोपते. लशी वाचतात, खोटं कशाला बोलू? मागच्या महिन्यात सव्वीसच्या सव्वीस बाळांना टोचल्या.

गेल्या आठवड्यात रात्री सुताराच्या सुनेला कळा आल्या. त्यांनी फोन केला, ताईने पहिल्याच रिंगला उचलला आणि अंधारात पळत सुटली. पण तासाची वाट ती तासाचीच. ताई पोचली तेव्हा नाळ शेजारणीने कापली होती. बाळ ठीक आहे. सून वाचली नाही.

मी सोमवारी ऑफिसात नकाशा उघडला. वस्ती: दहा माणसं.

"एकाचा फरक आहे," साहेब मागून बघत म्हणाले. "किरकोळ आहे, सोडून द्या."